सरकारी डॉक्टर, खासगी पाटी



नोकरीची सगळी वर्षं मी सरकारी रुग्णालयांत काढली. एका डॉक्टरने दोनशे जणांची ओपीडी कशी ओढायची असते, हे मला ठाऊक आहे. म्हणून आज मी डॉक्टरांना दूषणं द्यायला उभा नाही. पण त्याच ओपीडीत मी केसपेपरच्या मागच्या बाजूला पेनाने लिहिलेले मोबाइल नंबरही पाहिले आहेत, आणि त्याविषयी आता मोकळेपणाने बोललं पाहिजे.

हर्नियाचा एक रुग्ण डोळ्यांसमोर आणा. शेतात मजुरी करणारा माणूस. सकाळी साडेआठला रांगेत उभा राहिला, अकराला त्याचा नंबर लागला. तपासणी झाली. "ऑपरेशन करावं लागेल, पण इथे डेट तीन महिन्यांनी मिळेल. घाई असेल तर संध्याकाळी दाखवा." संध्याकाळचा पत्ता बाजारपेठेतला. पाटीवर डॉक्टरांच्या पत्नीचं नाव. तिथे डेट परवाचीच मिळते. ऑपरेशन तेच, हातही तेच. मधल्या काळात घरातली शेळी विकली जाते, नाहीतर मुकादमाकडून उचल घेतली जाते.

या व्यवहारात नेमकं काय चुकलं? बहुतेक जण म्हणतील, सरकारी डॉक्टरने खासगी प्रॅक्टिस केली हे चुकलं. माझ्या मते ते पुरेसं उत्तर नाही. सकाळची रांग संध्याकाळच्या दुकानाची खिडकी झाली, हा खरा अपराध आहे.

आपल्याकडे हा प्रश्न नवा नाही. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, सर जोसेफ भोर यांच्या समितीने आरोग्यसेवेचा आराखडा मांडला. पूर्णवेळ पगारी डॉक्टरांना खासगी प्रॅक्टिसची मुभा नसावी, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. १९६७ च्या जंगलवाला समितीनेही तेच सांगितलं आणि त्याबदल्यात योग्य मोबदला द्या, असं सुचवलं. त्या मोबदल्याला आज आपण व्यवसायरोध भत्ता म्हणतो. सातव्या वेतन आयोगानंतर केंद्र सरकार तो मूळ वेतनाच्या २० टक्के देतं, महाराष्ट्र शासन ३५ टक्के देतं. मूळ वेतन ८० हजार असेल, तर दरमहा २८ हजार रुपये केवळ बाहेर प्रॅक्टिस न करण्यासाठी मिळतात. हा भत्ता म्हणजे लोकांशी केलेला लेखी करार आहे. तो घ्यायचा आणि संध्याकाळी दवाखाना उघडायचा, याला मी फसवणूक म्हणतो. दुसरा सौम्य शब्द मला सापडत नाही.

जुन्या मुंबईतल्या ज्येष्ठांना ऑनररी डॉक्टर आठवत असतील. मोठमोठे सर्जन, फिजिशियन सकाळी केईएम किंवा जेजे रुग्णालयात वॉर्डाचा राउंड घ्यायचे, विद्यार्थ्यांना शिकवायचे आणि दुपारी आपल्या कन्सल्टिंग रूममध्ये बसायचे. रुग्णालयाकडून ते जवळजवळ काही घेत नसत. त्यांचं पोट खासगी प्रॅक्टिसवर आहे, हे सगळ्यांना उघड माहीत होतं. त्या पद्धतीतही रुग्ण वळवण्याचा मोह होताच. तिचं गुणगान करायला मी इथे आलेलो नाही. पण तिथे लपवालपवी नव्हती. आजच्या पगारी डॉक्टरला त्या ऑनररींचं उदाहरण देऊन आपलं समर्थन करता येणार नाही, कारण त्यांनी वेळ दिला होता आणि याने तो विकलेला आहे.

मग कायदा काय म्हणतो? पंजाबातल्या दोन सरकारी डॉक्टरांवर आरोप होता की, त्यांनी खासगीत रुग्ण तपासून शंभर-शंभर रुपये फी घेतली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०११ मध्ये न्यायालयाने सांगितलं की, हा सेवा-नियमांचा भंग आहे, त्यासाठी खात्याने कारवाई करावी. पण केलेल्या तपासणीची फी घेणं ही लाच नव्हे. मात्र सरकारी रुग्णालयात ऑपरेशन करण्यासाठीच कोणी पैसे मागितले, तर गोष्ट वेगळी. हा निकाल मला पटतो. अडचण एवढीच की, आपला हर्नियाचा रुग्ण या दोन्हींच्या मध्ये सापडतो. त्याच्याकडे सरकारी टेबलावर कोणी पैसे मागितले नाहीत. फक्त तारीख लांबवली.

ही मधली जागा नियमांनी बांधायला हवी. ब्रिटनमध्ये १९४८ साली राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली, तेव्हापासून तिथल्या तज्ज्ञांना खासगी कामाची मुभा आहे. पण २००४ च्या तिथल्या आचारसंहितेत एक वाक्य आहे, त्याचा आशय मी सांगतो: सरकारी कामावर असताना डॉक्टरने रुग्णापुढे खासगी उपचाराचा विषय आपणहून काढायचा नाही. नियम एवढासाच, पण तो बरोबर केसपेपरच्या मागच्या नंबरावर बोट ठेवतो. आपल्याकडे केरळमध्ये जिल्हा-तालुक्याच्या रुग्णालयांतल्या डॉक्टरांना ड्यूटीबाहेर स्वतःच्या घरी रुग्ण तपासता येतात, वैद्यकीय महाविद्यालयांतल्या शिक्षकांना ती परवानगी नाही. म्हणजे सरसकट बंदी हा एकमेव मार्ग नाही. ज्या तालुक्यात एकच स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, तिथे रात्री अडलेली बाई आली तर डॉक्टरने दार लावून घ्यावं, असं मी कधीही म्हणणार नाही. पण मुभा असो वा बंदी, सकाळी सरकारी टेबलावर तपासलेला रुग्ण त्याच डॉक्टरने संध्याकाळी पैसे घेऊन तपासता कामा नये. या एका गोष्टीत सवलत नको.

यात आता आणखी एक पदर आला आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत, म्हणजे शासनाच्या मोफत उपचारांच्या योजनेत, अनेक खासगी रुग्णालयं सामील आहेत. सरकारी डॉक्टरने आपला रुग्ण अशा रुग्णालयात नेऊन तिथे ऑपरेशन केलं, तर रुग्णाच्या खिशातून एक रुपयाही जात नाही, त्यामुळे तक्रारही होत नाही. पण तेच काम करण्यासाठी सरकारने पगार दिलेला असतो, भत्ता दिलेला असतो, आणि वर त्या खासगी रुग्णालयाला योजनेचं पॅकेजही दिलेलं असतं. तिकडे जिल्हा रुग्णालयाचं थिएटर दुपारी दोननंतर कुलूपबंद असतं.

शासनाचाही दोष मोठा आहे. वर्षानुवर्षं पदं रिक्त ठेवायची, कंत्राटावर डॉक्टर नेमायचे, भूलतज्ज्ञ आठवड्यातून दोनदाच बोलवायचा आणि मग डॉक्टरच्या निष्ठेची परीक्षा घ्यायची, हे न्यायाचं नाही. तीन महिन्यांची डेट कधी कधी खरीच असते. म्हणूनच ती खरी की लांबवलेली, हे रुग्णाला कळलं पाहिजे. ऑपरेशनची यादी नोंदणीच्या तारखेनुसार, रुग्णाचं नाव न देता केवळ नोंदणी क्रमांकाने भिंतीवर लावा. कोण कधी नोंदला गेला आणि कोणाचं ऑपरेशन कधी झालं, हे दिसू लागलं की प्रामाणिक डॉक्टरवरचा संशयही आपोआप दूर होईल. असे डॉक्टर पुष्कळ आहेत, आणि शेजारच्या टेबलावर चाललेल्या प्रकाराचं सगळ्यात जास्त दुःख त्यांनाच होतं.

तुम्हाला माझी विनंती आहे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे प्रत्येक सरकारी कार्यालयाने आपल्या अधिकारी-कर्मचाऱ्यांचं मासिक वेतन स्वतःहून जाहीर करायचं असतं. आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात जा आणि व्यवसायरोध भत्ता कोण घेतं, ड्यूटीच्या वेळा काय आहेत आणि ऑपरेशनची यादी कुठे लावली आहे, हे विचारा. उत्तर मिळालं नाही, तर रुग्ण कल्याण समितीच्या सदस्यांना गाठा. ही समिती तुमच्यासाठीच नेमलेली आहे; तिच्या पुढच्या बैठकीत हा विषय लेखी द्या.