पऱ्हाटीचा हिशेब

(यवतमाळ जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापूस निघाला की आपण पऱ्हाटी उपटतो, सरपणापुरती धुऱ्यावर रचतो, बाकीची पेटवून देतो. पऱ्हाटी शेतात ठेवू नका, तिच्यात गुलाबी बोंडअळी दडून बसते, असे कृषी खाते सांगते. २०१७ साली या अळीने काय केले ते इथे कोणाला सांगायला नको. म्हणजे उपटायची मजुरी आपली, काडी आपली आणि धूरही आपलाच.

आता याच पऱ्हाटीला गिऱ्हाईक येऊ घातले आहे. शेजारच्या चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॉट. त्यातला ५०० मेगावॉटचा एकच संच दिवसभर पूर्ण चालला तर सात-आठ हजार टन कोळसा खातो आणि बारा हजार टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो. हा वायू पृथ्वीवर गोधडीसारखा बसतो, उष्णता बाहेर जाऊ देत नाही. पाऊस लहरी झाला की दुबार पेरणी कोणाला करावी लागते? ज्याच्या घरी चोवीस तास पंखा फिरतो, त्याला नाही.

म्हणून २०२१ साली केंद्राच्या वीज मंत्रालयाने धोरण काढले, की औष्णिक केंद्रांनी कोळशात ५ टक्के शेतातल्या काडीकचऱ्याच्या दाबलेल्या कांड्या मिसळाव्यात. पऱ्हाटी जळली तरी धूर होणारच, मग फरक काय? फरक असा, की पऱ्हाटीतला कार्बन तिने याच हंगामात हवेतून घेतलेला असतो, तोच परत जातो. कोळशातला कोट्यवधी वर्षे जमिनीत गाडलेला. तो वर आला की भर पडते. पाच टक्क्यांनी आभाळ निवळेल असे आम्ही म्हणत नाही. उरलेला कोळसाच आहे, त्याला सौर विजेसारखा दुसरा उपाय लागेल.

पण आपला हिशेब पाहा. एका संचाला पाच टक्के म्हणजे रोज साडेतीनशे-चारशे टन. एकरी टनभर वाळलेली पऱ्हाटी धरा, म्हणजे रोज चारशे एकर! एवढा माल फुकट उचलून न्यायचा आणि वर 'तुमचे शेत साफ करून दिले' म्हणायचे, हे चालणार नाही. एकाधिकार खरेदीत एकच गिऱ्हाईक असल्यावर काय होते ते आपण भोगले आहे. भाव वजनावर की उष्णतेवर, ओलाव्याची कटती किती, चुकारा किती दिवसांत, हे आधी कागदावर आले पाहिजे.

खरी अडचण वाहतुकीची. पऱ्हाटी फुगीर, ट्रॉली भरते, वजन भरत नाही, आणि भाव डिझेलमध्ये जातो. म्हणून कुट्टीचे यंत्र गावातच हवे. नागपूरला केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेच्या जिनिंग प्रशिक्षण केंद्राने पऱ्हाटीच्या कांड्यांवर काम केले आहे. प्रत्येक तालुक्यातून दोघांनी जाऊन पाहून यावे. कडबा मात्र द्यायचा नाही, तो जनावरांचा. थोडी पऱ्हाटी बारीक करून जमिनीलाही ठेवा, तिचेही पोट आहे. आणि चुलीसाठी किती लागते ते घरात विचारूनच सौदा करा.

उलंगवाडी झाली की प्रत्येक गावाने एका एकराची पऱ्हाटी वाळवून काट्यावर तोलावी. ती पावती घेऊन पुढच्या बैठकीला या.