माघातील गळ

बदलापूरजवळचे बारवी धरण उल्हासनगर-अंबरनाथच्या घरांना पाणी देते. माघ महिन्यात मी त्याच्या काठी प्रथम गळ टाकला, तो पहाटे. तीन दिवस रिकाम्या हातांनी परतलो. अखेर एक वृद्ध कातकरी म्हणाला, "मास्तर, पाण्याला ऊन लागू द्या." जन्मभर मुलांना वेळ पाळावयास शिकविणाऱ्या मला माशाची वेळ ठाऊक नव्हती!

माशाचे अंग पाण्याइतकेच थंड असते. पाणी गारठले की त्याची भूक मंदावते. रोहू, मृगळ खोल जागी स्वस्थ राहतात. दुपारी काठचे उथळ पाणी तापले म्हणजे ते तिकडे सरकतात. म्हणून अकरानंतर बसावे; उन्हाची, वाऱ्यापासून आडोशाची कड निवडावी; गळ बारीक घ्यावा व कणकेची गोळी लहान ठेवावी. या दिवसांत ओढ हलकी असते. दोरीवरून लक्ष ढळले की मासा गेलाच.

मात्र हे पिण्याचे पाणी आहे. परवानगी असेल तेथेच बसावे, काठ स्वच्छ ठेवावा आणि लहान मासा पाण्यात परत सोडावा. पुढे वंश वाढवावयाचा आहे तो त्यालाच.