उन्हाळी पादत्राणे आणि श्रावकाचा विवेक

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



कर्मसिद्धांत, अनेकान्त, स्वाध्याय अशा विषयांच्या रांगेत उन्हाळ्यातील चपला कोठून आल्या, असा प्रश्न पत्रिका वाचून काहींनी संयोजकांना विचारल्याचे समजले. त्यातून वक्ता कापडाचा व्यापारी! परंतु ज्या धर्माने चालण्याचीसुद्धा एक समिती सांगितली, त्याच्या अनुयायांनी पायांत काय घालावे हा विषय गौण कसा मानावा? मुनिमहाराजांनी व आर्यिका माताजींनी अनवाणी विहार करून हा प्रश्न मुळातच मिटविला आहे. आपण गृहस्थ आहोत. आपल्याला जोडा लागतो. तो देखणा असावा असे वाटण्यात मला काही वावगे दिसत नाही. लग्नसराई ऐन उन्हाळ्यात येते, महावीर जयंतीची शोभायात्रा चैत्राच्या उन्हात निघते आणि नव्या साडीखाली जुनी, फाटकी चप्पल घालण्याने कोणतेही व्रत साधत नाही.

अडचण निराळीच आहे. मंदिराच्या दाराशी 'चामड्याच्या वस्तू आत आणू नयेत' ही पाटी वाचून आपण मोठे झालो. त्यामुळे 'चामडे नाही ना? मग झाले' असे म्हणून आपण दुकानातून बाहेर पडतो. प्रत्यक्षात आपण बिनचामड्याचा समजून घेतलेला जोडा अनेकदा चामड्याचाच असतो. आणि जो खरोखर बिनचामड्याचा असतो, तो तेवढ्यानेच अहिंसक ठरत नाही.

पहिली गोष्ट आधी घेऊ. 'स्वेड' हा मखमलीसारखा मऊ प्रकार कापड समजून घेणारे आपल्यात पुष्कळ आहेत. स्वेड हे चामडेच असते. कातड्याची आतील बाजू घासून ती लव आणलेली असते. 'नूबक' हे वरची बाजू घासलेले चामडे. 'पेटंट लेदर' म्हणजे चकचकीत लेप दिलेले चामडे, आणि 'बॉन्डेड लेदर' म्हणजे चामड्याचा चुरा चिकटवून केलेला पत्रा. स्वेड आणि नूबक यांच्या कृत्रिम नकलाही निघतात, म्हणून विचारल्याशिवाय गत्यंतर नाही. वरून स्वच्छ कॅनव्हास दिसणाऱ्या बुटाच्या आत टाचेखाली चामड्याचे अस्तर निघते, ते वेगळेच.

परदेशातील नातलग जोडे आणतात, त्यांवर बारीक चित्रे असतात. युरोपीय संघाने 1994 साली केलेल्या नियमानुसार ही चित्रे द्यावी लागतात. पसरलेल्या कातड्याची आकृती म्हणजे चामडे, तशाच आकृतीत चौकट म्हणजे लेप दिलेले चामडे, विणीची जाळी म्हणजे कापड आणि नुसती शंकरपाळ्यासारखी चौकट म्हणजे इतर पदार्थ. वरचा भाग, अस्तर व तळ अशा तिन्ही भागांची ती निरनिराळी द्यावी लागतात. मात्र एखाद्या भागात किमान 80 टक्के जो पदार्थ असेल त्याचेच चित्र पुरते. म्हणजे जाळीचे चित्र असलेल्या बुटावर चामड्याची एखादी पट्टी असू शकते आणि चित्र खोटे ठरत नाही. नियम ग्राहकासाठी चांगला आहे. श्रावकासाठी तो अपुरा आहे.

येथे माझ्या धंद्याचा थोडा उपयोग होईल. अलीकडे पैठणीच्या काठाच्या व खणाच्या चपला मुलींना फार आवडतात, आणि त्या सुंदर दिसतात हे मान्यच करावे लागेल. परंतु पैठणी मूळची रेशमी. गुळेदगुड्डच्या पारंपरिक खणातही सुताबरोबर रेशीम असते. सामान्यतः रेशमाचा अखंड धागा मिळविण्यासाठी कोशातील जीव उष्णतेने मारला जातो, हे येथे निराळे सांगावयास नको. बाजारातील स्वस्त खण बहुधा कृत्रिम धाग्याचा असतो. पण 'बहुधा' या शब्दावर विसंबून राहू नका. सुती इकत, सुती इरकल, हातमागाचे जाडे खादी कापड यांच्या पट्ट्या तितक्याच शोभतात आणि उन्हाळ्यात घामही टिपतात. पॉलिश घेतानाही विचारा, कारण काही पॉलिशांत मधमाशांचे मेण असते.

आता दुसरी गोष्ट. ज्याला आपण रेक्झिन म्हणतो ते बहुतेक वेळा कापडावर पीव्हीसी किंवा पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा लेप दिलेले असते. त्यात प्राण्याचे कातडे नाही, हे खरे. परंतु उन्हाळ्यात त्यातून घाम बाहेर पडत नाही, पाय उबतात. पॉलियुरेथेन दमट हवेत हळूहळू विघटते, म्हणून पेटीत जपून ठेवलेल्या, दोनदाच घातलेल्या जोड्याचा तळ तीन-चार वर्षांनी भुगा होऊन हाती येतो. हा अनुभव या सभागृहात किती घरांत असेल! तो जोडा मग उकिरड्यावर जातो. तेथे पीव्हीसी जाळले गेले तर हायड्रोजन क्लोराइडचा आम्लयुक्त धूर निघतो आणि डायॉक्सिनसारखी विषे तयार होतात. नाल्यात जाऊन त्याचे तुकडे झाले तर मासे ते गिळतात. एका गाईचे कातडे टाळले म्हणून समाधान मानणाऱ्याने या जिवांचा हिशोब कोणत्या वहीत मांडावयाचा?

यावर कोणी म्हणेल, मग चामडेच बरे; ते नैसर्गिक आहे. हा युक्तिवाद आजकाल फार ऐकू येतो. जगातील बहुतांश चामडे क्रोमियमच्या क्षारांनी कमावले जाते. कानपूरच्या चर्मालयांमुळे गंगेची जी दशा झाली, तिच्यावर सर्वोच्च न्यायालयाने 1987 साली निकाल दिला. तमिळनाडूत पालार नदीच्या खोऱ्यातील चर्मालयांवर 1996 साली पुन्हा निकाल द्यावा लागला. हिंसा प्राण्यापाशी थांबली नाही, ती नदीपर्यंत गेली.

आपल्या भागातील कोल्हापुरी वहाणेचे मात्र तसे नाही, आणि हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तिचे चामडे परंपरेने बाभळीची साल व हिरडा यांनी कमावतात, शिवण चामड्याच्याच वादीची असते, खिळा लागत नाही. 2019 साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे आहेत. जून 2025 मध्ये मिलान येथे प्राडा या इटालियन कंपनीने तशाच घाटाच्या चपला मूळ कारागिरांचा उल्लेख न करता सादर केल्या, तेव्हा सबंध महाराष्ट्राला राग आला. आपल्यालाही आला, आणि तो योग्यच होता. तरीही ती वहाण चामड्याची आहे. आपण ती घ्यावी असे मी म्हणणार नाही.

पण कातडे नाकारताना कातड्याचे काम करणाऱ्याला नाकारण्याची सवय आपल्या हाडीमाशी किती खिळली आहे, याचाही विचार व्हावयास हवा. चर्मकार बांधव आपल्याच गावात, आपल्याच वेशीपाशी राहतात. त्यांची वहाण घेत नाही म्हणून आपण त्यांच्या दुकानाची पायरीही चढत नाही, आणि कारखान्याचा प्लास्टिकचा जोडा मात्र अभिमानाने घालतो. एका वयस्क कारागिरांना मी विचारले की हाच घाट कापडात व तागात बसेल काय? ते म्हणाले, "शेठ, चामडं भिजवलं की पायासारखं वळतं, ताग वळत नाही. कापडाची कड सुटती, तिला गोठ मारावा लागतो. मजुरी वाढंल, पण हुईल." त्या 'पण होईल' या शब्दांत आपले काम आहे. पाच-पन्नास घरांनी मिळून सुती पट्ट्यांची, तागाच्या वा रबराच्या तळाची, कापशी घाटाची चप्पल मागितली आणि वाढीव मजुरी घासाघीस न करता दिली, तर त्यांच्या हातांना काम मिळेल आणि आपल्या व्रतालाही बाध येणार नाही.

उन्हाळ्यासाठी मला सर्वांत पसंत असलेला जोडा म्हणजे जाड सुती कॅनव्हासचा, नैसर्गिक रबराच्या तळाचा. रबराचे झाड न तोडता त्याचा चीक काढतात आणि केरळात त्याची मोठी लागवड आहे. तळ सपाट व मऊ घ्यावा. खोल खाचांत माती आणि बारीक जीव अडकतात, आणि गावातल्या वापराला त्या खाचा लागतही नाहीत. दुसरा प्रकार तागाच्या दोराच्या तळाचा. स्पेन आणि फ्रान्सच्या सीमेवरील पिरेनीज पर्वताच्या परिसरात असे जोडे पिढ्यान्‌पिढ्या शेतकरी व कष्टकरी वापरत आले, पुढे पॅरिसच्या फॅशनने ते उचलले. त्यांच्यासाठी लागणारा ताग तर आपल्या बंगालच्या मातीतला! जुन्या टायरच्या तळाच्या चपलेला हसू नका. आपल्या आजोबांनी ती शेतात वर्षानुवर्षे वापरली आहे.

नवनवी 'वनस्पतिजन्य चामडी' निघाली आहेत. अननसाच्या पानांच्या तंतूंपासून 'पिन्याटेक्स' होते, पण त्यालाही राळेचा लेप लागतो. कानपुरातच, चर्मालयांच्या त्या गावी, 'फूल' ही संस्था मंदिरांतील निर्माल्यावर बुरशी वाढवून चामड्यासारखा पदार्थ करते. निर्माल्य नदीत जाण्याऐवजी कामी येते, ही मोठीच गोष्ट. मात्र बुरशीत अनंत जीव मानणाऱ्या आपल्या परंपरेने या पदार्थाकडे कसे पाहावे, हा प्रश्न मी विद्वानांवर सोपवितो.

किती जोड असावेत? परिग्रह-परिमाण व्रतात आपण सोने मोजतो, जमीन मोजतो. चपलांचे कपाट उघडून मोजत नाही. एक रोजचा, एक समारंभाचा, एक पावसाळ्याचा. यापेक्षा जास्त ज्यांच्याकडे आहेत त्यांनी हात वर करण्याची आवश्यकता नाही. एक जोड दोन उन्हाळे टिकण्याऐवजी चार उन्हाळे टिकला, तर त्यामागची हिंसा निम्मी झाली. एवढा त्रैराशिक व्यापाऱ्याच्या मुलाला शिकवावा लागत नाही. म्हणून घेताना तळ शिवलेला आहे की नुसता चिकटविलेला, ते पाहावे. शिवलेला तळ कोपऱ्यावरचे कारागीर पुन्हा बसवून देतात.

खरेदीला सायंकाळी जावे, कारण उन्हाळ्यात दिवसभरात पाय किंचित सुजतात आणि सकाळी बसलेला जोडा संध्याकाळी चावतो. तागाचा तळ पाण्यात कुजतो, म्हणून मृग निघण्यापूर्वी तो जोड ब्रशने झाडून, सावलीत दोन दिवस वाळवून, आत जुने वर्तमानपत्र भरून सुती पिशवीत ठेवावा. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवल्यास त्याला बुरशी येते.

 सुती चपलांची मागणी नोंदविण्यासाठी बाहेर वही ठेवली आहे. नावासमोर पायाचे माप लिहावयास विसरू नये. जय जिनेंद्र.