मंदिराची पायरी आणि माणसाचे हात
(जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्यात झालेले भाषण)



कलश चढला. आता जरा पायरीकडे पाहू या. देवळाची पायरी म्हटली की हात पसरून बसलेली माणसे डोळ्यांसमोर येतात. दर्शन घेऊन निघालेला भाविक त्या हातावर नाणे टेकवतो आणि पुण्य पदरी पडले असे समजून घरी जातो. दुसऱ्या दिवशी तो माणूस त्याच पायरीवर बसलेला असतो.

अशा माणसांत एके काळी महारोग्यांचा भरणा मोठा होता. त्यांची कोंडी कशी होती ते पाहावे. १८९८ सालचा एक कायदा होता. तो जेथे लागू होई तेथे महारोग्याने खाण्याचे पदार्थ, औषधे वा कपडे विकू नयेत, सार्वजनिक विहिरीचे पाणी भरू नये, भाड्याच्या वाहनात बसू नये, अशी बंदी त्याच्यावर घालता येई. आणि निर्धन महारोगी भीक मागताना आढळला तर त्याला पकडताही येई. म्हणजे धंदा करायचा नाही आणि भीकही मागायची नाही! हा कायदा पुस्तकातून निघाला तो २०१६ साली.

अमरावतीचे होमिओपॅथीचे डॉक्टर शिवाजीराव उपाख्य दाजीसाहेब पटवर्धन यांनी १९४६ साली शहराबाहेरच्या माळावर तपोवन उभारले. औषधपाणी तेथे होतेच, पण दाजीसाहेबांनी रोग्यांच्या हाती कामही दिले. शेती आली, सुतारकाम आले, हातमाग आले. बोटे झडलेल्या हाताला पेलेल असे काम शोधणे सोपे नसते. शिधा वाटणे त्याहून पुष्कळ सोपे! पण शिधा घेणारा याचक राहतो आणि खुर्ची करणारा सुतार होतो. खुर्ची चांगली असली की घेणारा ती दया म्हणून घेत नाही, बसण्यासाठी घेतो. खरा पालट होतो तो तेथे. सरकारने १९५९ साली दाजीसाहेबांना पद्मश्री दिली. पुढे वरोऱ्याजवळ आनंदवनात बाबा आमट्यांनीही श्रमाचीच वाट धरली. आज तर हा रोग औषधाने पूर्ण बरा होतो. मनातली भीती मात्र मागे रेंगाळते.

आता कोणी म्हणेल, मग अन्नदान बंद करावे काय? मुळीच नाही. शेणगावच्या मातीत १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांचे उदाहरण घ्या. पूर्णाकाठी ऋणमोचनच्या यात्रेत बाबा आंधळ्या-पांगळ्यांना पोटभर जेवू घालीत. पण स्वतः मात्र गाव झाडल्याशिवाय कोणाची भाकर घेत नसत. ज्याचे हातपाय चालत नाहीत त्याला अन्न, ज्याचे चालतात त्याला खराटा, असा तो रोकडा हिशेब होता. बाबांनी घाट बांधले, धर्मशाळा बांधल्या. देऊळ बांधण्याच्या भरीस ते पडले नाहीत, हे आजच्या मंगल दिवशीही आठवलेले बरे.

हाच हिशेब सरकारनेही एकदा मांडला. १९७२ च्या दुष्काळात लोक सुकडी खाऊन खडी फोडीत होते, नाल्यांना बांध घालीत होते. त्यातून वि. स. पागे यांच्या विचाराची रोजगार हमी योजना वाढली. १९७७ साली तिचा कायदा झाला, तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. पुढे २००५ साली देशाचा कायदा झाला आणि मजुरी पंधरा दिवसांच्या आत देण्याचे बंधन आले. हे बंधन कागदावर का घालावे लागले, ते मस्टरवर अंगठा देऊन वाट पाहिलेल्यास सांगावे लागत नाही.

येथे श्रमदानाविषयी एक गोष्ट स्पष्ट बोललेली बरी. ज्याच्या घरी कणगी भरलेली आहे त्याने एक दिवस घमेले उचलले तर ते श्रमदान. ज्याची चूल त्या दिवसाच्या मजुरीवर पेटते त्याच्याकडून तसेच काम फुकट करून घेतले, तर दान गरिबाने श्रीमंताला केले असे होते.

वऱ्हाडातली कोरडवाहू शेती सर्वांना ठाऊक आहे. कापूस वेचून झाला, तूर निघाली, की होळीपासून मिरगापर्यंत मजुराच्या हाताला काम नसते. उधारी याच दिवसांत चढते आणि बिऱ्हाड पुण्या-मुंबईकडे निघते तेही याच दिवसांत. मंदिराची ओवरी अजून बाकी आहे, कुंपणाची भिंत बाकी आहे, विहिरीतला गाळ काढायचा आहे. ही कामे बाहेरच्या ठेकेदारास न देता याच महिन्यांत गावच्या मजुरांना द्यावीत, बाईला आणि गड्याला सारखी मजुरी ठेवावी. देणगीदारांनी पंगतीसाठी काढलेल्या रकमेतून काही भाग या खात्यावर वळवावा. म्हाताऱ्या-अपंगांची पंगत मात्र चालू राहावी. मजुरी दर आठवडी बाजाराच्या दिवशी सकाळीच चुकती व्हावी, म्हणजे मीठमिरची उधार आणावी लागणार नाही. कामांची आणि नावांची यादी समितीने होळीच्या आधी मंदिराच्या फळ्यावर लावावी.