झांकण न उघडणाऱ्या वस्तु

घरांतील एकादी वस्तु बिघडली म्हणजे पूर्वीं पहिला प्रश्न निघे तो ‘ही कोणाकडे न्यावी?’ हा. हल्लीं पहिला प्रश्न निघतो तो ‘नवी केवढ्याला मिळते?’ हा. या दोन प्रश्नांमधील अंतर केवळ पैशाचें नाहीं, म्हणून त्याचा थोडा विचार करण्यासारखा आहे.

पितळेच्या पातेल्यापासून आरंभ करणें सोयीचें. ज्या काळीं मध्यम स्थितींतील घरांचा स्वयंपाक पितळेंत होई, त्या काळीं कल्हई उडालेल्या भांड्यांत आंबट पदार्थ कळकत. आमटी कळकली तर दोष भांड्याचा नव्हे, तर घरच्या दुर्लक्षाचा मानला जाई. मग कल्हईवाल्याची वाट पाहावयाची. अंगणाच्या कोपऱ्यांत खड्डा करून तो भाता बसवी, निखारे फुलवी आणि तापलेल्या भांड्यांत नवसागराची पूड टाकी. पांढरा धूर निघे. लगेच कथलाची कांडी टेंकवून कापसाच्या बोळ्यानें तो भांडें आंतून असें पुशी कीं पाहतां पाहतां तें चांदीसारखें लखलखे. शेवटीं भांडें पाण्यांत बुडवतांना होणारा चर्र आवाज ऐकण्यासाठीं वाड्यांतील सारीं मुलें भोंवतीं जमत. कथील २३२ अंशांवर वितळतें हें त्या कारागिराला पुस्तकानें शिकविलें नव्हतें; भांडें पुरें तापलें कीं नाहीं तें त्याची नजर सांगे. त्या भांड्यावर बहुधा घरच्या माणसाचें नांव कोरलेलें असे, आणि तें फुटलें तरी त्याची मोड येई. धातूचें मोल बुडत नसे.

पुढें स्टेनलेस स्टील आलें. १९१३ सालीं शेफील्ड येथें हॅरी ब्रेअरली यानें पोलादांत क्रोमियम मिसळून ही धातु सिद्ध केली. ती आंबटाला दाद देत नाहीं. चिंचेनें भांडीं घासून घासून जिचे हात झिजले, तिनें जुनीं लुगडीं बोहारणीपुढें टाकून, घासाघीस करून, स्टीलचा एकेक डबा जमविला यांत नवल तें काय? कल्हईवाल्याचा धंदा बसला हें खरें. परंतु गृहिणीच्या श्रमांचा हिशोब मांडला तर हा व्यवहार तोट्याचा म्हणतां येणार नाहीं. कल्हईसाठीं गळा काढणाऱ्यांत पुरुषच अधिक आढळतात, हीहि गोष्ट ध्यानांत घ्यावी.

तेव्हां नवी वस्तु आली हें दुःखाचें कारण नव्हे. कारण निराळें आहे, आणि तें कळण्यासाठीं रॉकेलच्या स्टोव्हकडे वळलें पाहिजे. स्वीडनमधील फ्रान्स लिंडक्विस्ट यानें १८९२ सालीं योजिलेल्या युक्तीवर हा स्टोव्ह चाले. ज्योत मंदावली तर पिन मारावी; पंप हवा धरीनासा झाला तर वाळलेल्या चामड्याच्या वायसरवर तेलाचा थेंब सोडावा. स्टोव्ह भडकून कित्येक स्त्रिया भाजल्या, आणि गॅस आल्यावर त्याला निरोप देतांना कोणाचे डोळे भरून आले नाहींत. पण त्याचें काय बिघडलें आहे हें घरांतल्या दहा वर्षांच्या मुलालाहि कळे. तो उघडतां येई, आणि म्हणूनच त्याच्यावर घराचा अधिकार चाले.

हा अधिकार काढून घेण्याची कल्पना मात्र अगदीं कालची नाहीं. १९२४ च्या डिसेंबरांत जिनीव्हा येथें विजेचे दिवे करणाऱ्या मोठमोठ्या कंपन्यांनीं फीबस नांवाचा संघ स्थापिला आणि घरगुती दिव्याचें आयुष्य १००० तासांवर आणून ठेवण्याचें ठरविलें. त्याआधीं दीड-दोन हजार तास जळणारे दिवे मिळत होते. ज्या कारखान्याचे दिवे ठरल्यापेक्षां जास्त जळत, त्याला दंड होई! कमी टिकणारा दिवा अधिक लख्ख उजेड देतो, असा कंपन्यांचा युक्तिवाद होता. तो सर्वस्वीं खोटा नव्हे. परंतु दंडाचें कोष्टक मांडलें होतें तें तासांवर, उजेडावर नव्हे. दुसऱ्या महायुद्धांत तो संघ विसकटला. विचार शिल्लक राहिला.

आज घरोघर असलेल्या मोबाइल फोनाची पाठ बहुधा गोंदानें चिकटविलेली असते. आंतील बॅटरी दोन-तीन वर्षांनीं थकूं लागते, आणि ती बदलावयाची तर पाठ उचकटण्याचें धाडस कोणी करावें? २०१७ च्या डिसेंबरांत ॲपल कंपनीनें कबूल केलें कीं, बॅटरी क्षीण झालेले जुने फोन अचानक बंद पडूं नयेत म्हणून त्यांचा वेग कमी केला जातो. हें गिऱ्हाइकांना नीट सांगितलें नव्हतें, म्हणून फ्रान्समध्यें २०२० सालीं तिला अडीच कोटी युरो दंड भरावा लागला. फोन मंद झाला म्हणून नवा घेणाऱ्या कित्येकांचें काम एका बॅटरीवर भागलें असतें.

भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्यानें २४ डिसेंबर २०२२ रोजीं दुरुस्तीच्या हक्कासाठीं संकेतस्थळ काढलें. युरोपांत २० जून २०२५ पासून बाजारांत येणाऱ्या नव्या फोनांचे मुख्य सुटे भाग, त्या जातीच्या फोनाची विक्री थांबल्यावरहि सात वर्षें मिळालेच पाहिजेत, असा नियम झाला आहे. हक्क कागदावर उतरला हें चांगलें झालें. पण सुटा भाग मिळाला तरी तो बसविणारा हात पाहिजे. असे हात अजून आहेत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यांत पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांतून सूक्ष्मदर्शकाखालीं फोन उघडून बसलेले तरुण दिसतात. गरम हवेच्या झोतानें ते तिळाएवढा तुकडा उचलतात व दुसरा बसवितात. कल्हईवाल्याची नजर ती हीच. कांहीं फोन मात्र असे आहेत कीं, कंपनीनें न ओळखलेला भाग बसविला तर पडद्यावर तक्रार उमटते.

श्रोत्यांनीं आपल्या घरचा एकादा खण उघडून पाहावा. तेथें दोन-तीन जुने फोन निपचित पडलेले असतील. बोहारीण ते घेत नाहीं. भंगारवाल्याला द्यावेत तर आंत काय काय सांठलेलें आहे याची धास्ती वाटते. कदाचित् त्यांतल्या एकांत घरांतून गेलेल्या आजोबांचा आवाज असेल, नातवाला हांक मारतांनाचा. तो ऐकावयाचा तर बॅटरी हवी, आणि त्या जातीची बॅटरी आतां निघत नाहीं. सून तो फोन पिशवींत घालून दुकानीं जाते. कारागीर तो उलटासुलटा करून पाहतो, कडेला नख लावून पाहतो, आणि म्हणतो, “ठेवून जा ताई. उघडून पाहतों.”