रमजाननंतरचे अकरा महिने



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांच्या वर्गात बसण्याचे भाग्य मला लाभले आहे. म्हणून आजचे निमंत्रण मी बहुमान मानीत नाही. राहून गेलेल्या एका देण्याची कबुली देण्याची संधी मानतो. ते देणे कोणते, ते ओघात येईलच.

रमजान ईद होऊन थोडेच दिवस झाले आहेत. शीरखुर्म्याची चव अजून जिभेवर आहे. अशा वेळी माझ्या मुस्लिम बांधवांना आणि त्यांच्या निमित्ताने आपणा सर्वांनाच मी एक प्रश्न विचारणार आहे. व्रताचा महिना संपला. आता उरलेल्या अकरा महिन्यांचे काय?

पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत अन्नपाणी वर्ज्य करणे हे रोज्याचे बाह्य रूप होय. पण कुराणाच्या दुसऱ्या अध्यायात रोज्याचे विधान आले आहे, तेथे त्याचा हेतू उपासमार हा सांगितलेला नाही. माणसाच्या अंगी ‘तक्वा’ यावा, म्हणजे ईश्वराचे भान ठेवून वाईटापासून दूर राहण्याची जागरूकता यावी, हा तो हेतू आहे. जो खोटे बोलणे आणि खोटे वागणे सोडीत नाही, त्याच्या उपाशीतापाशी राहण्याची ईश्वराला गरज नाही, अशा आशयाचे पैगंबरांचे वचन प्रसिद्ध आहे. मराठी माणसाला हा विचार परका वाटू नये. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्या आजीपणजींनीच घडविली. व्रत पोटापाशीच थांबले की त्याची थट्टा होते, हे त्यांना पुरते ठाऊक होते.

रोज्याचे एक वैशिष्ट्य मला फार मोलाचे वाटते. नमाज इतरांना दिसते. जकात घेणाऱ्याला कळते. हजला जाणाऱ्याला निरोप द्यायला सारा मोहल्ला लोटतो. रोजा मात्र दिसत नाही. बंद खोलीत माठातले घोटभर पाणी कोणी प्यायले, तर जगाला त्याचा पत्ता लागणार नाही. तरी तहानेने व्याकूळ झालेले मूल त्या माठाला हात लावीत नाही. कोणी पाहत नसताना खरे राहणे, यालाच इस्लामी परंपरेत ‘इख्लास’ म्हणतात. त्याच्या उलट जे असते ते ‘रिया’, म्हणजे दिखाऊपणा.

इख्लास हा शब्द अवघड वाटला, तरी त्याची भावंडे आपल्या घरात केव्हापासून नांदत आहेत. खालिस म्हणजे निर्भेळ. खुलासा, खलास, खालसा हे मराठीत रुळलेले शब्दही त्याच अरबी धातूपासून निघाले आहेत. मनातली भेसळ खलास झाली म्हणजे जे उरते तो इख्लास, असे मी विद्यार्थ्यांना सांगत असतो. आपण ज्याला ‘दानत’ म्हणतो तो शब्दही अरबी ‘दियानत’वरून आला. आणि बँकेतली ‘अनामत’ म्हणजे मूळची ‘अमानत’, विश्वासाने सोपविलेली ठेव. इ. स. ६२२ मध्ये पैगंबरांना मक्का सोडावी लागली, तेव्हा लोकांच्या ठेवी त्यांच्यापाशी होत्या. जिवावर उठलेल्या त्या शहरातल्या लोकांच्या ठेवी ज्याच्या त्याला पोचविण्यासाठी त्यांनी अलींना मागे ठेवले, असे चरित्रकार सांगतात. वैऱ्यांच्या गावातही ठेवीला धक्का लागू न देणे, याला चारित्र्य म्हणतात.

विद्वानांनाही ही कसोटी चुकलेली नाही. इमाम गझाली (१०५८–११११) हे बगदादच्या निजामिया विद्यापीठातले नामवंत आचार्य. एके दिवशी त्यांनी स्वतःला विचारले, की आपण शिकवितो ते ईश्वरासाठी की कीर्तीसाठी? उत्तर कीर्ती असे आले. त्या यातनेत त्यांची वाचा बसली, वर्गात शब्द फुटेना, आणि १०९५ साली मानाचे पद सोडून ते बाहेर पडले. पुढे आपल्या महाग्रंथात त्यांनी रोज्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या. पहिली पोटाची. दुसरी डोळे, कान, जीभ, हात, पाय यांची. तिसरी अंतःकरणाची. आपल्यापैकी बहुतेक जण पहिल्या पायरीवर ईद साजरी करून खाली उतरतो.

हा विचार आपल्या मातीतही उगवला आहे. सतराव्या शतकात श्रीगोंद्याचे संतकवी शेख महंमद यांनी मराठीत ‘योगसंग्राम’ लिहिला. संग्राम हा शब्द त्यांनी योजला, तो बाहेरच्या शत्रूसाठी नव्हे. आतल्या विकारांशी चाललेल्या लढाईसाठी. दांभिकपणा मुल्लाचा असो की भटाचा, त्यांनी कोणाचीच भीड ठेवली नाही. माहीमचे मखदूम अली माहिमी (१३७२–१४३१) यांनी कुराणावर अरबीत भाष्य लिहिले. पण कोकण किनाऱ्यावर ते आठवतात ते आईसाठी रात्रभर पाण्याचे पात्र घेऊन उभ्या राहिलेल्या मुलाच्या आख्यायिकेमुळे. आईने पाणी मागितले आणि तिचा डोळा लागला. ती जागी होईपर्यंत मुलगा हलला नाही. ही कथा घडली तशीच घडली की नाही, हा वाद मी घालीत नाही. लोकांनी संताची खूण म्हणून काय जपले, एवढेच पाहावे.

आता त्या देण्याविषयी.

१९६५ सालची गोष्ट. नगर हवेली पोर्तुगीजांच्या हातून मुक्त होऊन अकराएक वर्षे झाली होती आणि भारतात विलीन होऊन चार. मी याच शाळेत चौथीत होतो. रमजान थंडीत आला होता आणि त्या वर्षी प्रथमच मी महिनाभराचे सगळे रोजे पुरे केले होते. ईदला मोठ्यांनी पाठ थोपटली. मला आभाळ ठेंगणे झाले. बासी ईदच्या दिवशी अब्बा जेवायला घरी गेले आणि मी दुकानावर बसलो. पाड्यावरची एक वारली बाई गूळ घ्यायला आली. मोठी माणसे करताना पाहिले होते तसे मी पारड्याला बोट लावले आणि काटा मारला. छटाकभर गूळ वाचला असेल. बाई पैसे ठेवून निमूट निघून गेली. कोणी पाहिले नाही, असे मला वाटले. रस्त्यापलीकडे गुरुजी उभे होते.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्यांनी मला एकट्याला थांबविले. छडी नव्हती, आवाजही चढला नाही. ते म्हणाले, “बाळ, महिनाभर तू चोरून पाणी प्यायला नाहीस. तेव्हा कोण पाहत होते?” मी म्हणालो, “अल्ला.” गुरुजी म्हणाले, “मग काल तो कुठे गेला होता?”

गुरुजी मुसलमान नव्हते. पण माझा रोजा त्या दिवशी त्यांनी मला शिकविला.

घरी येऊन मी रडत सारे सांगितले. अब्बांनी मारले नाही. गुळाचा खडा कागदात बांधून दिला आणि “ज्याचे त्याला देऊन ये,” एवढेच म्हणाले. रविवारी गुरुजी माझ्याबरोबर निघाले. तीन पाडे पालथे घातले. मला त्या बाईचे नाव माहीत नव्हते, चेहराही नीट आठवत नव्हता; कारण गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याकडे मी पाहिलेच नव्हते. पुष्कळ झोपड्या बंद होत्या, माणसे कामाच्या शोधात बाहेरगावी गेली होती. ती बाई सापडली नाही. आजतागायत सापडलेली नाही.

इस्लामी धर्मशास्त्रात ‘हक्कुल्लाह’ आणि ‘हक्कुल इबाद’ असा भेद करतात. पहिला ईश्वराचा हक्क, दुसरा माणसांचा. ईश्वराच्या हक्कात कसूर झाली तर तो पश्चात्तापाने क्षमा करील. पण माणसाचे बुडविलेले, त्या माणसाचे त्याला दिल्यावाचून किंवा त्याने माफ केल्यावाचून सुटत नाही, असे शास्त्रकार सांगतात. मापात मारणाऱ्यांची निर्भर्त्सना करणारा एक अख्खा अध्याय कुराणात आहे. तो मी पाठ म्हणतो तेव्हा प्रत्येक वेळी माझ्यासमोर ती पाठमोरी बाई असते. तिच्या नावाने मी दानधर्म केला आहे. पण दान हे दान. देणे हे देणे. ते अजून माझ्या खात्यावर आहे.

मित्रहो, आज सिल्वासा पालटले आहे. वखारींच्या जागी कारखाने उभे राहिले, देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसे येथे पोटासाठी आली. तराजू बदलले, पण पारड्याला बोट लावण्याच्या जागा वाढल्या आहेत. कामगाराच्या हजेरीपटात, खोलीच्या भाड्यात, मालाच्या प्रतीत, परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत. आणि रियाचेही नवे रूप आले आहे. गरिबाला शिधा देताना त्याचे छायाचित्र काढल्याशिवाय काहींचे दान पुरे होत नाही. घेणाऱ्याची मान खाली गेलेली त्या चित्रात स्पष्ट दिसते. आपल्यालाच तेवढी दिसत नाही.

मग करावे काय? मोठे संकल्प मी सांगणार नाही. थोडे असले तरी नित्य घडणारे कर्म ईश्वराला अधिक प्रिय, अशी पैगंबरांची शिकवण आहे. रमजाननंतर शव्वाल महिन्यात सहा रोजे ठेवण्याचा प्रघात आहे, त्यातले मर्मही हेच: धागा एकदम तुटू नये. कष्टाने कातलेले पक्के सूत स्वतःच उसवून टाकणाऱ्या बाईसारखे होऊ नका, असा दृष्टान्त कुराणात आला आहे. तेव्हा रोज निजण्यापूर्वी दोन घटका हिशेब मांडावा: आज कोणाचे काय माझ्याकडे राहिले? आठवड्यातून एक तरी चांगले काम असे करावे, की ते घरच्यांनाही कळू नये. आणि ज्याच्याशी व्यवहार करतो, त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहावे. ही तिसरी गोष्ट मी फार उशिरा शिकलो. चेहरा पाहिला असता, तर कदाचित बोट पारड्याला लागलेच नसते. आणि लागले असते, तरी परत देण्यासाठी माणूस सापडला असता.

विद्यार्थी मित्रांनो, तुमची वये लहान आहेत, तुमची खाती अजून कोरी आहेत. चूक झाली तर ती बाई दुकानाच्या पायऱ्या उतरण्याआधी तिला हाक मारा. एवढेच सांगायला मी आज येथे आलो.

गुरुजींच्या स्मृतीस वंदन करून मी आपली रजा घेतो.