खाडीला सातबारा नसतो

(तळोजा इथे झालेल्या महिला मेळाव्यातलं भाषण. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी काढून इथे देत आहोत.)



इथे बसलेल्या निम्म्या जणी खाडीकाठच्या गावांतल्या आहेत आणि निम्म्या तळोजा, कळंबोली, खारघरच्या वसाहतींतल्या. म्हणून आधी एक कबुली देते. मी खाडी शिकले ती बायकांकडून, आणि तीही उशिरा. एम.एस.डब्ल्यू. करताना आम्ही कायदे शिकलो, आरोग्य शिकलो, गटबांधणी शिकलो. चिखल काही अभ्यासक्रमात नव्हता.

पहिल्या नोकरीत मी या भागात घरोघर फिरून सर्वेक्षणाचे फॉर्म भरत होते. एका घरी मावशींना विचारलं, ‘‘तुम्ही काय काम करता?’’ म्हणाल्या, ‘‘काय करनार? घरीच असते.’’ मी लिहिलं : गृहिणी. पुढचा प्रश्न विचारेपर्यंत त्या पाटी उचलून उभ्या राहिल्या. ‘‘बस गो बाय, सुकती लागली. चिंबोऱ्या घेऊन येते.’’

मी त्यांच्या मागे गेले. ओहोटीनं उघड्या पडलेल्या चिखलात मांडीपर्यंत उतरून त्या बिळात हात घालत होत्या. कुठल्या बिळात चिंबोरी आहे आणि कुठलं रिकामं, हे त्यांना वरून कळत होतं. संध्याकाळी तो माल विकून घरात तेल-मीठ आलं, मुलीची वही आली. आणि माझ्या फॉर्मवर ‘गृहिणी’ तसंच होतं. होडी आहे का, जाळं आहे का, जमीन आहे का, असे तीन रकाने होते. हातांचा रकाना नव्हता. तो फॉर्म मी तसाच जमा केला. आज बोलायला उभी आहे ती त्या फॉर्मची भरपाई म्हणून.

हा चिखल म्हणजे पडीक जागा नाही. तिवरांच्या मुळांत कोळंबीची, बोयांची, जिताड्याची पिल्लं वाढतात. चिखलात निवटे, चिंबोऱ्या, शिंपल्या राहतात. तिवरं लाटांचा जोर मोडतात, माती धरून ठेवतात. भरतीचं पाणी पसरायला जागा हवी असते, ती जागाही हीच. उघड्या समुद्राच्या उथळ तळावर जे काम सागरी गवताची कुरणं करतात, ते आपल्याकडे तिवरं आणि चिखल करतात.

आपली कासाडी नदी औद्योगिक वसाहतीतून वाहत येऊन याच खाडीला मिळते. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोज्यातली निळ्या रंगाची कुत्री जगभरच्या वर्तमानपत्रांत झळकली. कुत्र्याच्या अंगावर रंग दिसतो, म्हणून बातमी झाली. बिळात हात घालणाऱ्या बाईच्या हाताला खाज सुटते, पाटी अर्धीच भरते, त्याची बातमी होत नाही. कासाडीच्या प्रदूषणाचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला, तो इथल्या माणसांनी नेटानं लावून धरला म्हणूनच.

पण आपला प्रश्न थोडा पुढचा आहे. खाडी वाचवायची ठरली, तर ती कोणासाठी वाचणार?

थोडं मागे जाऊ. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये जासई-नवघरच्या आंदोलनावर गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून साडेबारा टक्क्यांची योजना मिळाली. पण मोबदला मिळाला तो सातबारावर नाव असलेल्यांना. बाईचं नाव सातबारावर सहसा नव्हतंच, आणि खाडीला तर सातबाराच नसतो. म्हणजे चिखलात राबणारी बाई दोन्हीकडून बाहेर.

शेजारच्या उरणचं उदाहरण घ्या. बंदराच्या कामांमुळे मासेमारीचं नुकसान झालं म्हणून पारंपरिक मच्छीमार लवादात गेले. २७ फेब्रुवारी २०१५ रोजी पुण्याच्या खंडपीठानं १,६३० कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपयांची भरपाई द्यायला सांगितलं. पुढे प्रकरण वरच्या कोर्टात गेलं, तरी निकाल महत्त्वाचाच. समुद्रावर जगणाऱ्यांचं नुकसान पैशात मोजता येतं, हे त्यानं मान्य केलं. आपण मात्र एक विचारलं पाहिजे. ‘कुटुंब’ म्हटलं की कागदावर कोणाचं नाव पहिलं येतं? आणि विधवा, परित्यक्ता, एकटी बाई कोणाच्या कुटुंबात मोजायची?

आता संरक्षणाकडे येऊ. ६ ऑक्टोबर २००५ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं राज्यात तिवरांच्या तोडीवर बंदी घातली. २०१८ च्या निकालात तिवरं नष्ट करणं म्हणजे जगण्याच्या हक्कावर घाला, असं न्यायालयानं म्हटलं. २०१२ मध्ये वन विभागाचा कांदळवन कक्ष झाला. २०१५ मध्ये ठाणे खाडीचा एक भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला. हे सगळं हवंच होतं.

पण मालवण विसरू नका. १९८७ मध्ये तिथे सागरी अभयारण्य जाहीर झालं आणि मच्छीमार विरोधात उभे राहिले. मासे वाचायला त्यांचा विरोध नव्हता. आपल्याला न विचारता नकाशावर रेघ ओढली, याला होता.

तमिळनाडूत मन्नारच्या आखातात २१ बेटांचं सागरी राष्ट्रीय उद्यान आहे, १९८६ पासूनचं. तिथल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या पाण्यात बुड्या मारून समुद्रशेवाळ काढतात. उद्यान झालं आणि त्या आपल्याच समुद्रात चोर ठरल्या. त्यांनी संघटना बांधली, स्वतःच नियम केले. महिन्यातले ठरावीक दिवसच उतरायचं, धातूच्या अवजारानं खरवडायचं नाही. आणि मग सरकारला सांगितलं, आम्हांला मच्छीमार म्हणून ओळख द्या. जवळच पाल्कच्या सामुद्रधुनीत बांबूच्या चौकटींना काथ्यानं गवताचे कोंभ बांधून उजाड तळावर पुन्हा कुरणं लावली जाताहेत. समुद्रगाय त्या गवतावर जगते. २०२२ मध्ये तिच्यासाठी ४४८ चौरस किलोमीटरचं राखीव क्षेत्र झालं. गवत परत लावता येतं, मैत्रिणींनो. ते लावताना काठावरच्या बाईला विचारायचं की नाही, हा प्रश्न उरतो.

विचारलं तर काय होतं, ते वेंगुर्ल्यात पाहा. मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका होडीतून पर्यटकांना तिवरं दाखवतात. तिवर तुटलं तर त्यांची मिळकत बुडते. त्यांच्याइतकी चांगली राखणदारीण कुठून आणणार?

म्हणून तीन कामं सुचवते, आपल्याला झेपतील अशी.

पहिलं, आपली यादी आपण करू. होडी असो-नसो, हातानं चिंबोरी, निवटे, शिंपल्या गोळा करणारी प्रत्येक बाई त्यात तिच्या स्वतःच्या नावानं येईल. अमक्याची बायको म्हणून नाही.

दुसरं, नकाशा काढू. कुठली बाई कुठल्या जागी जाते, कुठली जागा कधीपासून मेली. किनारा नियमन क्षेत्राच्या कायद्यानुसार आराखड्यात मच्छीमारांच्या सामाईक वापराच्या जागा दाखवाव्या लागतात. चिखलातल्या जागाही त्यात घ्या, असं लेखी मागू.

तिसरं, वसाहतीतल्या मैत्रिणींसाठी. पाण्याचा रंग बदलला, वास सुटला, मासे मेले, की तारीख-वेळ वहीत टिपा, फोटो काढा, प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय उठू नका. आपली वही उद्या पुरावा होते.

त्या मावशींकडे मी पुन्हा गेले होते. नव्या कागदावर ‘व्यवसाय’समोर काय लिहू, विचारलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘लिव, खाडीवर जाते.’’

आपली यादी त्या ओळीपासून सुरू झाली आहे. वही दारापाशी ठेवली आहे. जाताना आपलं नाव लिहून जा. जिला लिहिता येत नाही, तिचं शेजारणीनं लिहावं.